मिलिमीटरांचा मखमली डबा

"असा डबा तुला बाजारात मिळणार नाही," असं मिलिमीटर ज्या दिवशी छातीठोकपणे म्हणाले, त्या दिवशी डबा सोडाच, डब्याची फळीसुद्धा घरात आलेली नव्हती. पण बोलून झालं होतं, आणि ऐकणारा साक्षात मेव्हणा होता. बायकोच्या भावासमोर बोललेला शब्द मागे घेणारा नवरा अजून जन्माला यायचा आहे.

मिलिमीटर हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ते तपासणी विभागात होते. तयार होऊन आलेला प्रत्येक दांडा, प्रत्येक चकती मापून बघायची आणि केसाइतका फरक निघाला तरी लाल खडूची फुली मारून बाजूला टाकायची, हे त्यांचं काम. आयुष्यभर फुल्या मारून त्यांची नजर अशी झाली होती, की कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी हातात पाण्याचा पेला येण्याआधी ते भिंतीवरचं घड्याळ किती मिलिमीटर कललंय ते सांगून मोकळे होत. कारखान्यात लोक त्यांना तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे मिलिमीटर. पुढेपुढे पाठीमागे जाण्याचे कष्ट घेणंही लोकांनी सोडून दिलं.

इतक्या नेमक्या माणसाचं जगात काय होतं? काही होत नाही. त्यांच्याच हाताखाली शिकलेला एक गोडबोल्या विभागप्रमुख झाला आणि मिलिमीटर आपल्या जुन्याच खुर्चीवर राहिले. त्या खुर्चीचा एक पाय आखूड होता. तोही त्यांनी मापला होता, वर कळवलाही होता. वरून उत्तर आलं नाही. तेव्हापासून त्यांच्या मनात एकच गोष्ट ठसठसत होती. आपण स्वतःच्या हातांनी एकदा तरी असं काहीतरी करावं, की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. दुसऱ्याने केलेलं नापास करण्यात जन्म गेला, आता आपलं एक पास करून दाखवावं.

तशात तो मेव्हणा एकदा त्यांच्या गाडीत बसला. मेव्हण्याचं गाड्यांच्या सजावटीचं दुकान होतं. सीटकव्हरं, रंगीत दिवे, कर्णे, असला सगळा थाट. मिलिमीटरांनी मागच्या फळीवर बसवलेला स्पीकर ऐकून तो म्हणाला, "भावोजी, हा बेस आहे, की शेजारी कुणी गादी झोडपतंय?" आणि वर औदार्याने म्हणाला, की दुकानात तयार डबे पडलेत, एक देतो लावून, घरचेच तर आहात.

आता हे डब्याचं प्रकरण थोडक्यात सांगायला हवं. खर्जातला मोठा स्पीकर नुसता ठेवून वाजत नाही. त्याला चारी बाजूंनी बंद लाकडी पेटी लागते. पेटीत हवा किती मावते, फळी किती जाड, कुठे फट आहे का, यावर आवाज गोल येणार की फाटका, हे ठरतं. दुकानातले डबे सरसकट एका मापाचे. मिलिमीटरांना सरसकट या शब्दाचीच चीड होती. आपल्या गाडीच्या डिकीच्या पोटात, मागच्या सीटच्या उतारासकट आणि चाकावरच्या फुगवट्यासकट, तंतोतंत बसेल असा डबा आपण स्वतः करायचा, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. मेव्हणा "बरं" म्हणाला. ते "बरं" मिलिमीटरांना पुढे कित्येक दिवस झोपेत ऐकू येत होतं.

त्यांची बायको मागच्या सीटवर बसून हे ऐकत होती. तिने फक्त एवढंच विचारलं, की शुक्रवारी पडदे पोचवायचे आहेत, डिकी मोकळी मिळेल ना. मिलिमीटर म्हणाले, त्याच्या आत सगळं होऊन जाईल. सगळं खरंच झालं, तेही शुक्रवारच्या आतच. पण ते क्रमाने सांगतो.

बायको शिवणकाम करायची. आधी ब्लाउज, मग खिडक्यांचे पडदे, आणि आता पहिल्यांदाच एक घसघशीत काम हाती आलं होतं. जवळच एक नवं सभागृह बांधून झालं होतं. तिथल्या रंगमंचाचा मोठा पडदा आणि मंचाच्या पुढच्या कडेला खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत लावायची झालर, असं ते काम होतं. सगळं गडद लाल मखमलीत. शनिवारी उद्घाटन. सभागृहाच्या मॅनेजरबाईंनी सांगून ठेवलं होतं, की हे नीट झालं तर वरच्या मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांचे पडदे तुमचेच. आणि तसं झालं, तर कोपऱ्यावरचा काचेच्या दाराचा छोटा गाळा ती भाड्याने घेणार होती. इतकी वर्षं ती घरात फरशीवर गुडघे टेकून कापड कापत आली होती. आता गुडघे बोलायला लागले होते. त्या गाळ्यात उभं राहून कापता येईल असं टेबल मांडायचं, हे तिचं स्वप्न. ती ते कुणाला सांगत नसे. जाता-येता त्या काचेसमोर तिचा पाय रेंगाळायचा, एवढंच. मिलिमीटरांच्या नजरेला घड्याळ कललेलं दिसायचं, पण हे रेंगाळणं त्यांच्या नजरेत कधी आलं नाही.

तर मिलिमीटरांनी आठवडाभराची रजा टाकली आणि काम सुरू झालं. मिलिमीटर डिकीत आडवे झाले, उभे झाले, एकदा आत अडकलेही. पुठ्ठ्याचे तुकडे कापून, चिकटवून, पुन्हा कापून त्यांनी डिकीचा साचा केला. मग एमडीएफची जाड फळी आली आणि गॅलरीत करवतीचं मशीन लागलं. एमडीएफ म्हणजे दाबलेला भुसाच. तो कापताना उडतो तेव्हा पावडरसारखा बारीक उडतो, आणि जिथे जाऊ नये तिथे आधी जातो. गॅलरीला लागूनच बायकोची शिवणाची खोली. मखमल तर अशी वस्तू, की शेजारच्या घरातला केससुद्धा ओढून आपल्या अंगावर घेईल!

पहिल्या दिवशी ती म्हणाली, जरा दार लावून घेत जा. दुसऱ्या दिवशी म्हणाली, अहो, पडद्यावर भुसा बसतोय, हे खाली पार्किंगमध्ये करा. मिलिमीटर म्हणाले, खाली जमीन सपाट नाही, माप हलतं. तिसऱ्या दिवशी तिने झटकायला पडदा उचलला आणि अख्खी खोली पिवळी झाली. त्यावर जे भांडण झालं, त्यात डब्यापासून सुरुवात होऊन एकमेकांच्या मावश्यांपर्यंत सगळे येऊन गेले. शेवटी मिलिमीटर म्हणाले, "तुझ्या शिवणाला माप थोडं इकडेतिकडे चालतं. माझ्या कामाला चालत नाही."

यावर तिने शिवणाच्या खोलीचं दार लावून घेतलं. त्या क्षणापासून घरात अबोला सुरू झाला.

ज्यांनी अबोला पाळला आहे त्यांना ठाऊक असेल, की त्यातही सांगायच्या गोष्टी सांगाव्याच लागतात, फक्त त्या भिंतीला सांगायच्या. चहा ठेवलाय, हे ती स्वयंपाकघराच्या दाराला सांगायची. किल्ली कुठे आहे, हे मिलिमीटर पंख्याला विचारायचे. बुधवारी सकाळी ती गॅलरीच्या दारापाशी आली आणि समोरच्या कठड्याला म्हणाली, "झालरीचं शेवटचं कापड माळ्यावर ठेवतेय, भुशापासून लांब. त्याला कुणी हात लावायचा नाही." नेमके तेव्हा मिलिमीटर स्पीकरसाठी गोल भोक पाडत होते. करवत किंचाळत होती, कानांत कापूस होता आणि नजर पेन्सिलीच्या रेघेवर खिळली होती. कोपऱ्यात काहीतरी हललं म्हणून त्यांनी मान डोलावली. ती समजली, यांना कळलं. संसारात मान डोलावण्याइतकी फसवी गोष्ट दुसरी नाही.

आता तो माळा. त्यांच्या घरात माळ्यावर फक्त उरलंसुरलं कापड जात असे. पूर्वापार रीतच होती ती. शिवून उरलेले तुकडे जुन्या चादरीत बांधून वर टाकायचे, आणि मग ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं. मिलिमीटरांचे बूट त्यातूनच चमकत, गाडीची काच त्यातूनच पुसली जाई. कामाचं कापड माळ्यावर कधीच गेलं नव्हतं. या वेळी गेलं, कारण मिलिमीटरांच्या भुशाने खाली जागाच ठेवली नव्हती.

बुधवारी दुपारी डबा जुळून तयार झाला. गोंद लावून, स्क्रू पिळून, आतल्या कोपऱ्यांत आडवे ठोकळे बसवून त्यांनी तो असा पक्का केला, की त्यावर नाचलं तरी हलू नये. सांध्यांवर सिलिकॉन फिरवलं. कुठून हवा निसटते का, हे बघायला कागदाची पातळ पट्टी प्रत्येक सांध्यासमोर धरली. पट्टी हलली नाही. मिलिमीटरांनी खिशातून लाल खडू काढला, फुली मारायला काही सापडतंय का ते बघितलं, आणि काहीच सापडलं नाही म्हणून खडू परत खिशात ठेवला. आयुष्यात प्रथमच!

राहिलं फक्त वरचं आवरण. चांगल्या डब्याला कापड लागतं. बायकोला विचारावं, तर अबोला. पंख्याला विचारून उपयोग नव्हता. ती बाहेर गेल्याचं बघून मिलिमीटर स्टुलावर चढले, माळ्यावरचं गाठोडं खाली घेतलं, आणि आत बघतात तो काय, गडद लाल मखमल! त्यांना एवढंच वाटलं, की यंदा कापड बरंच उरलेलं दिसतंय. आणि त्याहून वाटलं ते हे, की बायको रागावली असली तरी तिने मुद्दाम चांगला तुकडा वर ठेवला असावा. तोंडाने बोलत नाही, पण मनात आहे. त्या विचाराने त्यांना भरून आलं. भरल्या मनाने त्यांनी कात्री चालवली, पातेलंभर चिकट गोंद फासला, आणि मखमल ताणून, कोपरे दुमडून, एकही सुरकुती न ठेवता डब्यावर चढवली.

स्पीकरसकट डबा डिकीत बसला. बोट घालायला फट नाही. मिलिमीटरांनी गाडीच्या काचा वर केल्या आणि गाणं लावलं. खर्जाचा पहिला सूर आला तो कानात नाही, थेट पोटात. कुठे थरथर नाही, कुठे फाटणं नाही. पार्किंगच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, बंद गाडीत तो माणूस एकटा बसला होता आणि त्याला चक्क रडू आलं. आखूड पायाची खुर्ची, गोडबोल्या विभागप्रमुख, मेव्हण्याचं ते "बरं", सगळं त्या आवाजात बुडून गेलं. शुक्रवारी पडदे ठेवायला बायको डिकी उघडेल, तेव्हा तिला दाखवायचं, अबोला तिथेच संपेल, असा बेत करून त्यांनी डब्यावर चादर टाकली. शुक्रवारची सकाळ येईपर्यंत ते मनातल्या मनात मांडे खात होते.

शुक्रवारी सकाळी बायको स्टुलावर चढली. गाठोडं खाली आलं ते हलकंच. सोडलं, तर आत चादर आणि चार बोटं रुंदीच्या दोन पट्ट्या. ती तशीच खाली बसली. मग तिने अबोला मोडला आणि थेट नवऱ्याकडे बघून विचारलं, "अहो, इथलं कापड कुठे गेलं?"

मिलिमीटरांना त्याच क्षणी सगळं कळलं. अगदी स्वच्छ, रेघ आखून दिल्यासारखं. तेव्हा त्यांनी खरं सांगायला हवं होतं, हे तुम्हालाही कळतं, मलाही कळतं, त्यांनाही कळत होतं. पण तोंडातून शब्द आले ते असे: "कसलं कापड?"

इथून पुढे घसरगुंडी. बायकोला आठवलं, की बुधवारी संध्याकाळी भाऊ येऊन गेला होता आणि गाड्या पुसायला मखमलीच्या चिंध्या घेऊन गेला होता. तिने फोन लावला. मेव्हणा म्हणाला, ताई, मी शिलाई मशीनखालच्या पिशवीतल्या चिंध्या नेल्या, माळ्याला हात लावला नाही. ती म्हणाली, चिंधी आणि झालर यांतला फरक कळत नसेल तर दुकान कशाला चालवतोस. तो आणखी काही म्हणाला. ती त्याच्या लहानपणापासूनचे सगळे प्रमाद काढत बसली. आवाज चढत गेला.

मिलिमीटर बाजूला उभे होते. मूग गिळून उभे होते असं म्हटलं तर ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. त्यांना बरं वाटत होतं. लग्न झाल्यापासून प्रथमच बायको त्यांना सोडून आपल्या भावाला झापत होती! तिने फोन ठेवला तेव्हा ते हळूच म्हणालेसुद्धा, "त्याचं पहिल्यापासून असंच आहे." चोर तो चोर, वर शिरजोर म्हणतात, तो प्रकार.

मग "जरा बघून येतो" असं मोघम सांगून ते खाली पळाले आणि डिकीत शिरून डब्यावरचं कापड सोलायला लागले. एक कोपरा उचकटला. कापड हातात आलं, पण मखमलीची लव सगळी गोंदाला चिकटून राहिली. हातात राहिला तो खरूज झाल्यासारखा टकला तुकडा. तो परत चिकटवून, कापताना उरलेली एक चिंधी नमुन्याला घेऊन ते कापडाच्या दुकानाकडे धावले. दुकानदाराने नमुना दिव्याखाली धरला आणि सांगितलं, की गिरणीतून प्रत्येक खेपेला रंग थोडा वेगळा येतो, त्या खेपेचं कापड संपलं. त्याने दाखवलेलं कापड उन्हात लाल दिसत होतं आणि दिव्याखाली वांग्यासारखं. मिलिमीटरांनी त्याच्यावर मनातल्या मनात फुली मारली.

घरी परतले तर मेव्हणा आलेला. चिडून, दुकानातलं चिंध्यांचं अख्खं पोतं पाठीवर घालून आलेला. "घ्या, शोधा" म्हणून त्याने ते दिवाणखान्यात उपडं केलं. मग बहीण एका बाजूने, भाऊ दुसऱ्या बाजूने, दोघं गुडघ्यांवर बसून चिंध्या उपसू लागले. नुसतं उभं राहणं बरं दिसेना म्हणून मिलिमीटरही बसले. आणि तुम्हाला सांगतो, त्या तिघांत सगळ्यात बारकाईने शोधत होते ते मिलिमीटर. एकेक चिंधी उजेडाकडे धरून, दोन्ही बाजूंनी बघून बाजूला ठेवत होते. कापड कुठे आहे हे ठाऊक असलेला तो एकटाच माणूस होता.

दुपार झाली. बायको उठली, गुडघे चोळले आणि म्हणाली, जे आहे ते घेऊन जाऊ, उरलेल्याचं तिथे बघू. तिचा आवाज इतका सपाट होता, की मिलिमीटरांना आत कुठेतरी टोचलं. गाळ्याच्या काचेतून तिचं टेबल उचलून नेल्यासारखं तिचं तोंड दिसत होतं. आत्ता सांगावं, असं त्यांना खरोखर वाटलं. ते तोंड उघडणार, इतक्यात मेव्हण्याने पडद्याचं गाठोडं खांद्यावर मारलं. झापून घेतलं तरी तो भाऊच होता. "चला भावोजी, डिकी उघडा," म्हणत तो जिना उतरू लागला.

मिलिमीटर म्हणाले, डिकी नको, मागच्या सीटवर ठेवू. मेव्हणा म्हणाला, सीटवर चुरगळेल. मिलिमीटर म्हणाले, डिकीची किल्ली अडकते. मेव्हण्याने किल्ली घेतली. ती मुळीच अडकली नाही. डिकी उघडली, चादर बाजूला झाली.

"वा, भावोजी," मेव्हणा म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. हा माणूस रोज असे डबे विकायचा, त्याला चांगलं काम कळत होतं. कडेवरून हात फिरवून तो सांधा शोधत होता आणि सांधा सापडत नव्हता. "हे फिनिशिंग आमच्याकडच्या कुणाला जमणार नाही. आणि कापड तर काय..." इथे त्याचा हात थांबला.

इतके दिवस ज्या कौतुकाची वाट बघितली, ते आलं होतं. मिलिमीटरांना ते परत देऊन टाकावंसं वाटत होतं. बायको मागे उभी होती. आरडाओरडा नाही, रडणं नाही. रडली असती तर बरं झालं असतं, निदान समजूत काढता आली असती. तिने गळ्यातली टेप काढली आणि डब्याची लांबी मापली, मग उंची मापली. भावाकडे वळून ती म्हणाली, "तुला उगाच बोलले." मग नवऱ्याकडे न बघता डब्याला म्हणाली, "आत जे वाजतं ते काढून घ्या."

मिलिमीटरांनी स्क्रू काढले. शेवटचे दोन मेव्हण्याने काढले. स्पीकर वायरींसकट बाहेर आला. भोकाच्या जागी आता काळोख दिसत होता.

सभागृहात पडदा चढला तेव्हा मॅनेजरबाई "छान, छान" म्हणत होत्या. मग झालर लागत गेली. डाव्या टोकापासून सुरू होऊन उजव्या टोकाला येता येता ती संपली, आणि मंचाच्या कडेचा एक तुकडा उघडा राहिला, दात पडलेल्या तोंडासारखा. बायकोने खूण केली. मिलिमीटर आणि मेव्हण्याने डबा उचलून तिथे टेकवला. भोकाची बाजू मंचाकडे, टकला कोपरा भिंतीकडे. डबा मंचाच्या कडेपेक्षा थोडा ठेंगणा भरला. बाकी लांबीला असा बसला, की जणू त्या जागेसाठीच केला होता. मिलिमीटरांनी नकळत वाकून फट बघितली. नव्हती.

"हे काय?" मॅनेजरबाईंनी विचारलं.

"पायरी," बायको म्हणाली. "मंचावर चढायला. झालरीच्याच कापडात केली, म्हणजे वेगळी दिसत नाही." मिलिमीटर तिच्याकडे बघतच राहिले. इतकं सफाईदार खोटं ती बोलू शकते, हे त्यांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. पण मग ती आणखी काय काय करू शकते, हे तरी त्यांनी कधी मापलं होतं?

शनिवारी उद्घाटन. पाहुणे आले ते चांगले वजनदार. मंचाला पायऱ्या होत्या त्या आत, विंगेतून. पाहुण्यांना इतका लांब वळसा घालून जायचा कंटाळा. त्यांनी समोर मखमली पायरी बघितली आणि थेट तिच्यावर पाय दिला. मिलिमीटरांनी श्वास रोखला. बायकोनेही रोखला असावा. आणि पाहुणे त्यावर पूर्ण उभे राहून वर चढले तरी डबा करकरला नाही. कुरकुरलासुद्धा नाही! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या पाहुण्यांसाठी. मिलिमीटरांनीही वाजवल्या, आणि कशासाठी वाजवल्या ते त्यांचं त्यांनाच माहीत.

कार्यक्रम संपल्यावर मॅनेजरबाई खुशीत आल्या. वरच्या खोल्यांचे पडदे तर तुमचेच, म्हणाल्या, पण मला ती पायरी फारच आवडली. दुसऱ्या टोकालाही तशीच एक हवी. "कोण सुतार आहे हो तुमचा?"

मिलिमीटर बायकोच्या मागे, हातात तिची सुयांची डबी आणि उरलेल्या दोऱ्यांची पिशवी घेऊन उभे होते. त्यांनी खांदे सरळ केले. शर्टाची घडी नीट केली. आखूड पायाच्या खुर्चीवर बसून ज्या क्षणाची वाट बघितली होती, तो हा क्षण. पंप नव्हे, स्पीकर नव्हे, पायरी का होईना. बायकोच्या तोंडून, चार लोकांत. ते किंचित पुढे सरकले.

"आहे एकजण," बायको म्हणाली. "माप पक्कं आहे त्याचं. बाकी काही विचारायची सोय नाही. सांगते त्याला."

मॅनेजरबाई हसल्या. मग त्यांचं लक्ष पिशवीकडे आणि पिशवी धरलेल्या माणसाकडे गेलं. "आणि हे?"

बायकोने मागे वळून बघितलं. क्षणभर थांबली. त्या क्षणात मिलिमीटरांना वाटलं, आता सांगेल. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. थकवा होता, आणि त्याच्याही पलीकडचं काहीतरी होतं, जे कुठल्याच टेपने मापता आलं नसतं.

"हे गाडी आणतात," ती म्हणाली.

"अरे वा, मग बरं झालं," मॅनेजरबाई म्हणाल्या. "दारात एक गाडी आडवी लागलीय, पाहुण्यांची गाडी निघत नाहीये. तुमचीच असेल तर जरा बाजूला घेता?"

मिलिमीटरांनी पिशवी बायकोच्या हातात दिली आणि बाहेर गेले. गाडी त्यांचीच होती. त्यांनी ती काढून कडेला घेतली, आखलेल्या दोन पांढऱ्या रेघांच्या बरोबर मधोमध, दोन्हीकडे सारखंच अंतर ठेवून उभी केली, आणि उतरून एकदा वाकून बघितलं. पाहुण्यांच्या ड्रायव्हरने जाता जाता हात हलवला, तो त्यांच्या मागे उभ्या असलेल्या वॉचमनला.